रिकाम्या हातानं

कमलबाईंनी रिकामी कळशी कडेवर घेतली, पदर डोक्यावरून नीट केला आणि फाटकाची कडी काढली.

"आत्याबाई, कळशी काहून?" करुणानं ओट्यावरून विचारलं. तिच्या मांडीवर दीक्षा होती, आणि दीक्षाची एकच वेणी झाली होती.

"राहू दे."

"आज नळाचा दिवस न्हाई. अन् डॉक्टरांनी नुस्तं चाला म्हणलंय. नुस्तं."

"नुस्तं कसं चालावं, माय?" कमलबाई फाटकाला धरून उभ्या राहिल्या. "बाई रिकाम्या हातानं रस्त्याला लागली म्हंजी एक तर मौतीला चालली, न्हाई तर घर सोडून. काल त्या किराणावाल्यानं इचारलंच. मावशी, सुनंशी भांडून निघाल्या का काय? मी म्हणलं, न्हाई बाबा, शुगर झालीय. तर म्हणतो, मंग दवाखाना तिकडं हाय."

करुणाला हसू आवरेना. कमलबाई हसल्या नाहीत. कळशी कडेवर सरळ करून त्या निघाल्या.

आठ महिन्यांपूर्वी त्या इथं आल्या तेव्हा शुगर हा शब्द त्यांना चहापुरताच माहीत होता. डोंगरकड्याच्या अलीकडे, आडवळणी गावात त्यांचा सगळा जन्म गेला. सकाळी ओढ्यावर, तिथून दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत, संध्याकाळी डोक्यावर जळणाचा भारा घेऊन घरी. चालणं म्हणजे काही वेगळं काम असतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नवरा, जळबा, गेला आणि प्रमोदनं आईला हिंगोलीला आणलं. जिल्हा नवा झाला तशी त्याची इथल्या कार्यालयात बदली झाली होती, नव्या कॉलनीत घर झालं होतं. घरात नळ, गॅस, फ्रीज. "आता बसून खा," तो आईला म्हणाला होता, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं. कमलबाई बसल्या. सहाव्या महिन्यात पावलं सुजली, तहान भागेना, पायाला मुंग्या येऊ लागल्या. रक्ताचा कागद बघून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"गोळ्या मी देतो," ते करुणाला म्हणाले, "पण यांना रोज तास-दीड तास चालवा. न्हाई तर पाय जातील, मग डोळे. गोळी माझ्याकडं आहे ताई. रस्ता तुम्ही शोधायचा."

करुणाला तेव्हा ते सोपं वाटलं होतं. रस्ता काय शोधायचा असतो?

कॉलनीत तीन गल्ल्या होत्या आणि तिन्ही पुढे जाऊन कुणाच्या ना कुणाच्या भिंतीला टेकत होत्या. मोठ्या बाटलीसारखी वस्ती ही, आणि तोंड एकच, नांदेड रोडवर. दूध हवं, पीठ दळायचं, लेकराला शाळेत सोडायचं, काहीही असलं तरी आधी त्या रस्त्यावर यायचं, जिथं फूटपाथच्या जागी बाभळी होत्या आणि बाभळींच्या अलीकडे ट्रक. त्यामुळे कुणी चालतच नसे. मुलं रिक्षात कोंबून शाळेत जात आणि आल्यावर टीव्हीपुढं बसत. कोपऱ्यावरचे किशनराव, निवृत्त मोजणीदार, दोनशे पावलांवरचं दूध आणायलाही लुना काढत. लुना सुरू व्हायला लागे तेवढ्या वेळात ते दूध घेऊन परतही आले असते, असं करुणा म्हणायची. नकाशावर ओपन स्पेस म्हणून जी जागा होती तिथं कुणाची तरी खडी पडून होती. सोळा घरांपैकी पाच घरांत आता शुगरच्या गोळ्या होत्या. करुणानं ती मुद्दाम मोजली नव्हती. गोळ्यांच्या दुकानात एकमेकांची गाठ पडायची.

त्या दिवशी कळशीनं मात्र घोटाळा केला. कमलबाई दुसऱ्या गल्लीतून गेल्या आणि कुणीतरी बाई खिडकीतून ओरडली, "अगं, टँकर आला वाटतं!" नोव्हेंबरातच पाणी आठ दिवसांनी येत होतं. कळशी घेतलेली बाई लगबगीनं रोडकडे निघाली, तर दुसरं काय असणार? दोन मिनिटांत सात-आठ बायका हंडे, बादल्या, कॅन घेऊन कमलबाईंच्या मागे. कमलबाईंना मागचा गलका ऐकू आला आणि त्यांना वाटलं, पुढेच टँकर दिसला असेल या बायकांना. त्यांनीही पाय उचलला. अख्खी कॉलनी अशी एका रांगेत, भराभर, कॉलनी झाल्यापासून पहिल्यांदाच चालली असेल.

नांदेड रोडवर टँकर नव्हता. उसाचा ट्रक होता. त्यानं हॉर्न दिला, बायका पांगल्या, आणि कमलबाई कळशीसकट बाभळीखालच्या चारीत पडल्या.

त्यांना घरी आणलं तेव्हा कोपर सोललं होतं आणि कळशीला पोचा पडला होता. कोपरापेक्षा पोच्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं. पांगलेल्यांपैकी एकजण फाटकाशी थांबून म्हणाली, "मावशी, टँकर नव्हता तर सांगायचं ना!" "मला कुठं माहीत व्हतं बाई," कमलबाई म्हणाल्या, "मी तर तुमच्यामुळं पळाले."

संध्याकाळी प्रमोदनं हुकूम काढला. "आई, आता रोडवर जायचं न्हाई. गच्चीवर फिर. सकाळ-संध्याकाळ शंभर चकरा."

दुसऱ्या दिवसापासून कमलबाई गच्चीवर फिरू लागल्या. करुणा खाली भांडी घासताना वरच्या पावलांचा आवाज ऐके. टाकीजवळ वळण, जिन्याजवळ वळण, परत टाकी. चौथ्या दिवशी आवाज थांबला. ती वर गेली तर त्या कठड्याला टेकून पलीकडे बघत होत्या.

"थकलात का?"

"थकायला काय झालं. घाण्याच्या बैलाला तरी डोळ्यांला फडकं बांधतेत. मला समदं दिसून राहिलंय अन् जाता येईना."

समोर, घराच्या मागच्या भिंतीच्या पलीकडे, जुनी वस्ती होती. बुद्ध विहारावरचा निळा झेंडा, पिठाची गिरणी, नगरपालिकेच्या शाळेचं मैदान आणि मैदानाच्या कडेनं लिंबाच्या झाडांची सावली धरून बाजाराकडं जाणारी पांढरट वाट. करुणानं नजरेनं मोजलं. भिंत नसती तर विहार दोनशे पावलांवर होता. रोडनं गेलं तर दीड किलोमीटर.

गच्चीवरचं फिरणं त्या आठवड्यात संपलं, जिना चढताना गुडघे बोलू लागले म्हणून. कमलबाई परत आपल्या जागी आल्या, घराच्या बाजूच्या पट्टीत. ती पट्टी म्हणजे या घराचं भाग्य होतं. प्लॉट विकणाऱ्याच्या माणसानं चुन्याची फक्की मारून दिली होती, ही तुमची हद्द, आणि त्याप्रमाणे कंपाउंडचा पाया खोदताना मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, तुमची जागा मोकळीढाकळी हाय की." प्रमोदनं त्या दिवशी पेढे वाटले होते. घराच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत गेलेल्या त्या लांबोळक्या पट्टीत आता कमलबाईंची मेथी होती, अंबाडी होती, लसणाचे दोन वाफे होते. मागच्या भिंतीशी एक चपटा दगड होता. त्यावर बसून त्या निंदत आणि बोलत.

बोलत कुणाशी, हे करुणाला महिनाभरानं कळलं होतं. भिंतीच्या पलीकडे चतुराबाई होती. तिच्या मागच्या अंगणाचा कोपरा नेमका तिथं यायचा. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी बघितलं नव्हतं, पण एकमेकींच्या सुनांची, गुडघ्यांची आणि दातांची त्यांना बित्तंबातमी होती. कमलबाई अंबाडीची जुडी भिंतीवरून फेकत. पलीकडून कधी ज्वारीच्या पिठाची पुरचुंडी येई, कधी बोरं.

त्या दुपारी दीक्षाला झोपवून करुणा तिथं येऊन बसली.

"पडली म्हणं तू?" भिंत विचारत होती.

"पडले. कळशी चेपली."

"तू चेपली न्हाईस न्हवं? मंग बराबर. कळशी काय, ठोकून येती." पलीकडे काहीतरी पाखडल्याचा आवाज आला. "लै वाईट रोड हाय त्यो. आमच्या पोरी बी त्याच रोडनं तुमच्या कॉलनीत धुण्या-भांड्याला येतेत. येवढा वळसा. पयलं न्हवतं असं."

"पयलं कसं व्हतं?" करुणानं विचारलं.

"कोण, सून का? पयलं हितूनच वाट व्हती की माय. तुमची घरं हायत ना, त्यांच्या मधूनच. आमी या वाटंनंच शेतावर जायचो. शेतं गेली, पलाट पडले, तरी साहेब लोक म्हणले व्हते, वाट ऱ्हाईल, कागदावर हाय. मंग भिंती आल्या."

करुणा दगडावरून उठली. कागदावर हाय. लग्नाआधी तिनं भूगोल घेऊन बी. ए. केलं होतं. तेव्हापासून तिनं एकही नकाशा उघडला नव्हता. दीक्षाच्या दुधाची वेळ झाली तरी ते दोन शब्द तिच्या डोक्यातून गेले नाहीत.

किशनराव ओसरीत सुपारी कातरत बसले होते. तिनं विचारल्यावर त्यांनी अडकित्ता थांबवला नाही.

"वाट? असेल बी. पण कशाला पायजे ताई? आज एक वाट उघडा, उद्या तिकडची डुकरं, गाढवं, पोरंसोरं सगळी इकडं. आत्ता कसं शांत हाय."

"माझ्या सासूबाईंना चालायला जागा न्हाई."

"आमाला तरी कुठं हाय?" ते म्हणाले आणि पोटावरून हात फिरवून हसले. "बरं, असं करा. नकाशा आणा. मंजूर लेआउटचा. तोंडी गोष्टीला मोजणीदार किंमत देत न्हाई. नकाशात असेल तर मी सोता टेप धरीन, हा शब्द."

तो शब्द त्यांनी इतक्या सहज दिला की करुणाला जरा खटकलं. पण ती तशीच घरी आली, आणि त्या रात्री प्रमोदला न सांगता तिनं अर्ज लिहिला.

नगरपालिकेत ती चार वेळा गेली. पहिल्यांदा साहेब मीटिंगला होते. दुसऱ्यांदा अर्जावर तिकीट लावायचं राहिलं होतं. तिसऱ्यांदा नकाशाच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडं होती तो गावाला गेला होता. प्रत्येक वेळी दीक्षा कडेवर होती, आणि दीक्षा आता चार वर्षांची, म्हणजे कळशीपेक्षा जड होती. कारकून म्हणाला, "बाई, लेकरू घेऊन काहून हेलपाटे मारता? घरच्या साहेबांना पाठवा." करुणा म्हणाली, "साहेबांना चालायची काही तकलीफ न्हाई. मला हाय." ती बाकावर बसली. दीक्षानं कार्यालयाच्या फरशीवर खडूनं घर काढलं, घराला दार काढलं, आणि एक शिपाई ते पुसायला लागला तेव्हा भोकाड पसरलं. चौथ्या वेळी, कदाचित त्या भोकाडाच्या धास्तीनंच, नकाशाची प्रत बारा वाजायच्या आत मिळाली.

तिनं ती वाटेत उघडली नाही. नकाशा उभ्यानं बघायचा नसतो, हे तिला सरांनी शिकवलं होतं. संध्याकाळी ती कंपासपेटीतली पट्टी घेऊन किशनरावांच्या ओसरीत बसली आणि कागद पाटावर पसरला. एक मिलिमीटरला अर्धा मीटर. नांदेड रोडकडून प्लॉटांचे आकडे चढत गेले होते. एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस. त्याच्या पुढं दोन बारीक समांतर रेघा, गल्लीपासून थेट मागच्या हद्दीपर्यंत, आणि रेघांमध्ये उभ्या अक्षरात लिहिलेलं: पायवाट. मग तेहतीस.

"आहे!" ती म्हणाली. "किशनराव, आहे बघा!"

किशनरावांनी मान हलवली. कागदाकडं त्यांनी बघितलंही नव्हतं.

करुणानं पट्टी लावली. रेघांमधलं अंतर सहा मिलिमीटर. तीन मीटर. दहा फूट. तिनं बोट बत्तीसवर ठेवलं, तेहतीसवर ठेवलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की तेहतीस म्हणजे शेजारचे रामसिंग, पोलिसातले. आणि बत्तीस...

तिनं बत्तीसची रुंदी मोजली. तीस फूट. परत मोजली. मिस्त्रीचा आवाज तिला आठवला. मोकळीढाकळी हाय की. रामसिंगांचं घर आणि करुणाचं घर यांच्यात एकच भिंत होती. भिंतीच्या अलीकडे मेथी होती, अंबाडी होती.

"चुन्याच्या फक्कीवर विश्वास ठेवला तुमी," किशनराव हळूच म्हणाले. "समदेच ठेवतेत. मी पहिल्याच दिवशी जाता-जाता नजरेनं मोजलं व्हतं. चाळीस भरलं."

"मग तेव्हाच काहून न्हाई सांगितलं?"

"कुणाच्या फायद्याचं व्हतं सांगून? तुमाला बाग मिळाली, आमाला शांती मिळाली." त्यांनी सुपारीची खांडं तिच्यापुढं सरकवली. "अजून बी काय बिघडलं न्हाई. कागद घडी करून ठेवा. मी बोलत न्हाई, नगरपालिकेला सोताहून कुणी विचारत न्हाई. न मागता पदरात पडलेलं कुणी टाकतं व्हय, ताई?"

करुणानं सुपारी घेतली नाही. कागदाची घडी करताना तिचं बोट पायवाट या शब्दावर दोनदा गेलं.

जेवताना तिनं प्रमोदला सांगितलं. त्यानं घास खाली ठेवला.

"म्हणजे आपणच?"

"आपणच."

त्यानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मग म्हणाला, "राहू दे करुणा. चार-दोन महिने जाऊ दे."

"आत्याबाईंच्या पायाकडं चार-दोन महिने न्हाईत."

"मी दुसरी काही सोय करतो. स्कूटर घेऊ हप्त्यानं. रोज सकाळी तिला मैदानावर नेऊन सोडीन."

"चालायला स्कूटरवर न्यायचं?"

तो हसला नाही. दाराकडं बघत, आवाज खाली आणून म्हणाला, "चार वर्षं झाली. या कॉलनीत कुणी आपल्याला विचारलं न्हाई, तुमी कोणते. पाटीवर मी आडनाव घातलं न्हाई ते उगाच न्हाई. आता त्या वस्तीची वाट आपल्याच दारातून काढायची, आपल्याच हातानं? मग विचारायला काही शिल्लक राहील का?"

नवऱ्यानं हे कधीच असं, सरळ बोलून दाखवलं नव्हतं. त्याला चुकीचं म्हणावं असं तिला वाटेना. त्याच्या ताटात तिनं आणखी एक भाकरी वाढली, आणि त्यानं ती नको म्हटलं नाही. तेवढंच बोलणं झालं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कमलबाई पाय पसरून बसल्या होत्या, सुजलेल्या पावलांना तेल लावत.

सकाळी करुणाला जाग आली ती मातीच्या वासानं. पट्टीत कमलबाई खुरपं घेऊन बसल्या होत्या. मेथी उपटून झाली होती. अंबाडीच्या जुड्या बांधून ओळीनं ठेवल्या होत्या. आता त्या लसणाच्या वाफ्यात होत्या.

"आत्याबाई! लसूण अजून भरला न्हाई."

"कोवळा बी चटणीला चालतो."

करुणा त्यांच्याजवळ बसली. लसणाचे पांढरे कोवळे गड्डे त्यांनी झटकून पदरात घेतले.

"आमच्या गावात पाटलाच्या दारावरून आमाला वाट न्हवती," कमलबाई म्हणाल्या. बोलताना हात थांबला नाही. "पाणी तिथून शंभर पावलं. आमी गावाला येढा घालून जायचो, डोक्यावर दोन-दोन घागरी. प्रमोद पोटात व्हता तवा बी. कुणी आडवलं, कसं आडवलं, समदं ठावं हाय मला." त्यांनी आणखी एक गड्डा उपटला. "अन् आता चतुराच्या पोरी माझ्या लसणापायी येढा घालून राहिल्या व्हय?"

"तुमाला माहीत नव्हतं."

"पाटलाच्या सुनंला बी माहीत नसंल."

मागं दारात प्रमोद उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. तो तसाच आत गेला आणि ऑफिसला जायची तयारी करू लागला.

त्यानंतरचे तीन दिवस घरात लसणाची चटणी होती आणि फारसं बोलणं नव्हतं. करुणानं रविवार ठरवला. शनिवारी ती रामसिंगांकडे पहार मागायला गेली. रामसिंगांनी कशाला म्हणून विचारलं, तिनं नकाशा दाखवला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि पहारेबरोबर घणही दिला. "म्हंजी माझी भिंत माझ्याच जागेत हाय ना?" एवढंच त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

रविवारी सकाळी आठला करुणानं पदर खोचला आणि मागच्या भिंतीच्या मधोमध पहार लावली. पहिला घाव सिमेंटवरून घसरला. दुसऱ्यानं टवका उडाला. दीक्षा टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या घावाला मागून आवाज आला.

"थांब."

प्रमोद बनियनवर उभा होता. करुणानं पहार खाली केली नाही.

"खालून नको काढू," तो म्हणाला. "भिंत अंगावर येईल. वरून काढत ये. एक-एक वीट." त्यानं तिच्या हातातून पहार घेतली आणि वरच्या थराच्या सांध्यात घातली.

पाच-सहा विटा निघाल्या तेव्हा फाटकाशी लुना फटफटली. किशनराव आत आले. पाडलेल्या विटांकडे बघितलं, उजाड वाफ्यांकडे बघितलं.

"खरंच पाडताय तर."

"हो," करुणा म्हणाली.

"मला पटलेलं न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो."

"बरं."

ते तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले, परत लुनाकडे गेले आणि येताना त्यांच्या हातात टेपाचं जुनं चामडी चक्र आणि चुन्याची पिशवी होती. "अंदाजानं पाडू नका. वीतभर इकडं-तिकडं झालं की पुढं दोन पिढ्या भांडत्यात. धरा हो तिकडचं टोक." प्रमोदनं टोक धरलं. सत्तरी गाठलेला, दूध आणायला लुना काढणारा तो माणूस गल्लीपासून मागच्या हद्दीपर्यंत तीनदा चालला, वाकला, उठला, घामाघूम झाला, आणि शेवटी मुठीतून चुना सोडत त्यानं दोन सरळ, पांढऱ्या रेघा मारल्या. "ही खरी फक्की," ते म्हणाले आणि धापा टाकत कमलबाईंच्या चपट्या दगडावर बसले.

दहा वाजेतो भिंत छातीइतकी खाली आली. पलीकडे माणसं जमली होती. पोरं विटा ओढून नेऊन रचत होती. त्यांच्यामधून हिरवं लुगडं नेसलेली, हनुवटीवर गोंदण असलेली एक ठेंगणी म्हातारी पुढं आली आणि भिंतीवर हात टेकून उभी राहिली.

कमलबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"चतुरा?"

"व्हय."

"येवढुशी हायस व्हय गं तू? आवाजावरनं मला वाटलं, चांगली उंचपुरी असशील."

"अन् तू काळी वाटली व्हतीस," चतुराबाई म्हणाली. "बराबर निघालं."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसता कमलबाईंनी डोळेही त्याच पदराला पुसले. प्रमोद वळून विटा उचलू लागला.

दुपारपर्यंत दहा फूट मोकळे झाले. मग गल्लीकडची भिंत. लोक आले, बघून गेले. दुसऱ्या गल्लीतली एक बाई नाक मुरडून गेली. टँकरच्या दिवशी मागं धावलेल्यांपैकी दोघी मात्र रेंगाळल्या. गिरणी कुठं आहे, मैदान किती वेळ उघडं असतं, असं आडून आडून विचारत होत्या. संध्याकाळी प्रमोद आंघोळ करून ओट्यावर बसला. बराच वेळ तो फाटकावरच्या पाटीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी, सकाळचं ऊन लिंबाच्या शेंड्यांवर आलं तेव्हा, करुणा दीक्षाची वेणी घालत ओट्यावर बसली होती. कमलबाई घरातून बाहेर आल्या. पदर डोक्यावरून नीट केला. कळशी दाराशीच होती, पोच्याची बाजू भिंतीकडे करून ठेवलेली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. क्षणभर थांबल्या. मग चुन्याच्या दोन रेघांमधून, उपटलेल्या वाफ्यांवरून, हळूहळू पाय टाकत मागच्या बाजूला गेल्या आणि पलीकडे उतरल्या.

"आजी कळशी विसरली," दीक्षा म्हणाली.

करुणानं वेणीचा पेड घट्ट धरून ठेवला.

पलीकडून, मैदानाच्या अंगानं, कुणा बाप्याचा आवाज आला. "मावशी, सकाळी सकाळी रिकाम्या हातानं? कुठं निघाल्या?"

आणि मग कमलबाईंचा, दूर जात असलेला, जरा चढ्या सुरात.

"कुठं न्हाई बाबा. चालून राहिले."